दोराचं दुसरं टोक

सूमारला पोहता येत नव्हतं. मंचर तळ्यावरच्या मल्लाह कोळ्यांना हे कळलं तेव्हा त्यांना आधी हसू आलं आणि मग नवल वाटलं. त्यांच्यातला बचल तर तोंडावरच म्हणाला, "मग हा तळ्यावर आला कशाला? आंघोळीला?"

तो आला होता पोटासाठी. किर्थरच्या डोंगरापायथ्याशी त्याच्या बापाची शेळ्यांचे कळप होते. लागोपाठ पाऊस चुकला, आधी गवत गेलं, मग शेळ्या गेल्या, आणि शेवटी बापही गेला. सूमार खांद्यावर कुदळ आणि कमरेला विळा घेऊन चालत सुटला तो मंचरच्या काठाला येऊन थांबला. चटया विणायला लागणारं पाणगवत कापायचं काम त्याला मिळालं. तळ्यात तेव्हा अजून कालव्याचं खारं पाणी यायचं होतं. कमळं फुलत होती, मासा गोड होता, आणि थंडी पडली की उत्तरेकडून बदकं येत तेव्हा त्यांच्या पंखांनी आभाळाचा रंग बदलत असे.

त्याच हिवाळ्यात मिठो मल्लाहाचा एकुलता एक मुलगा लधो पाण्यात मेला. मल्लाह जन्मभर नावेवर राहतात. नावेतच चूल, नावेतच पाळणा. पण मेल्यावर त्यांना जमीन लागतेच. काठावरच्या दफनभूमीची माती वाळून दगडासारखी झाली होती आणि वल्ही मारणाऱ्या हातांना खणायची सवय नव्हती. सूमार गवत कापता कापता बघत होता. तो उठला, कुदळ घेतली आणि कुणाला काही न विचारता खणायला लागला. खड्डा नीट चौकोनी खणून त्यानं कडा हातानं साफ केल्या आणि पुन्हा आपल्या कामाला गेला. मिठोनं ते लक्षात ठेवलं.

उन्हाळ्यात एक दिवस मिठो होडी वल्हवत त्याच्याकडं आला. होडी गवताला टेकवून म्हणाला, "आमच्यात मुलगी द्यायची तर बदल्यात मुलगी घेतात. पण आता घरात मुलगाच नाही, मग सून आणू कुणासाठी? माझी सबाई आहे. तू नावेवर राहायला येशील?"

सूमारनं हातातला विळा खाली ठेवला. "येईन, चाचा. पण मला पोहता येत नाही."

"नावेला येतं," मिठो म्हणाला.

असा सूमार घरजावई झाला. नावेवर सासू नव्हती, ती कधीच वारली होती. मिठो, सबाई आणि तो. सबाई उंच, सावळी, बोलायला फटकळ होती. पहिल्या दिवशी सूमार नावेच्या काठावरून चालताना हात पसरून तोल सांभाळत होता, तर ती म्हणाली, "शेळी पण तुमच्यापेक्षा बरी चालते." तो म्हणाला, "शेळीला चार पाय असतात." तिला हसू आवरेना. त्या दिवसापासून त्यांचं जमलं.

मग थंडी आली आणि पाखरं आली. आधी काळे चांदवे, पाठोपाठ थापटे, लालसरी, लांब शेपटीची तलवार बदकं, आणि सगळ्यात शेवटी राखी रंगाचे मोठे कलहंस. एकेका नावेतले पुरुष डोक्यावर बदकाचं कातडं चढवून पाण्यात उतरू लागले. मंचरवरची ही शिकार बंदुकीची नाही. सुक्या भोपळ्यावर किंवा गवताच्या टोपीवर पेंढा भरलेलं बदक शिवतात, ती टोपी हनुवटीखाली बांधून माणूस गळ्याइतक्या पाण्यात शिरतो. बाहेर दिसतं ते फक्त बदक. खालून सरकत सरकत तो थव्यात जातो आणि पाण्याखालून एकेका पाखराचे पाय धरून त्याला खाली ओढतो. शेजारचं पाखरू समजतं, यानं बुडी मारली.

नावांचा सगळा तांडा शिकारीला जायचा, तेव्हा मिठोची नाव मात्र मासे धरत एकीकडं उभी असायची. लधोची टोपी नावेच्या छताला टांगलेली होती, तिच्याकडं कुणी बघत नसे.

बचल हा मिठोचा पुतण्या. संध्याकाळी तो आपल्या होडीत जिवंत बदकांचा ढीग घेऊन मुद्दाम जवळून जायचा. "काय दाजी, आज काय धरलं? बेडूक?"

"बेडूक तुझ्याकडंच पाठवले," सूमार म्हणायचा. पण आत कुठंतरी लागायचं. खाणारी तीन तोंडं, आणि चौथ्याची चाहूल सबाईला लागली होती. एका संध्याकाळी भाकरी खाताना तो म्हणाला, "चाचा, मला पाखरं धरायला शिकवा."

मिठोचा घास हातातच राहिला. "नाही," एवढंच तो म्हणाला आणि ताट सरकवून हुक्का घेऊन नावेच्या टोकाला जाऊन बसला.

सबाईनं सूमारला खूण केली, बोलू नका. दुसऱ्या दिवशी बाप बाजाराला गेल्यावर ती म्हणाली, "चला, उतरा पाण्यात."

"तू शिकवणार?"

"पाखरं धरायला नाही, नुसतं उभं राहायला. ते जमलं तर पुढचं."

तिनं त्याला छातीइतक्या पाण्यात उभं केलं. आधी चिखल कसा पकडायचा ते सांगितलं. टाच रोवायची नाही, टाच रुतते. बोटं पसरायची. कमळाच्या देठांत पाय घालायचा नाही. थंडी चढायला लागली की दात आवळायचे नाहीत, तोंड सैल सोडायचं, नाहीतर हुडहुडी अंगभर पसरते. सूमारचे ओठ निळे पडले, तरी तो हलला नाही. डोंगरात लांडग्याची वाट बघत रात्र काढलेला माणूस होता तो, पाणी नवीन असलं तरी वाट बघणं नवीन नव्हतं. सबाई होडीतून त्याच्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. एकदम ती ओरडली, "पुरे! बाहेर या! बाहेर या म्हणते ना!"

"अगं, जमत होतं की."

"जमत होतं म्हणूनच," ती म्हणाली आणि हाताला धरून त्याला होडीत ओढलं.

रोज असं चाललं. मिठोला कळल्याशिवाय कसं राहील? ओली लुंगी नावेवर वाळत होतीच. एका सकाळी सूमार उठला तर म्हातारा नव्या भोपळ्यावर लालसरीचं कातडं शिवत बसला होता. तोंडातला दोरा दातानं तोडत तो म्हणाला, "डोकं इकडं आण. माप घ्यायचंय."

मिठोसारखा शिकवणारा मंचरवर दुसरा नव्हता, हे बचलसुद्धा मान्य करायचा. त्यानं सूमारला आधी बघायला शिकवलं. पाखरांच्या शेपट्या वर असल्या की ती चरतायत, त्यांचा आपसात गलका चालू असला की निर्धास्त आहेत. माना ताठ झाल्या आणि गलका थांबला की जागच्या जागी मरायचं. वारा नेहमी तोंडावर घ्यायचा. थव्याच्या मधे जायचं नाही, कडेच्याला धरायचं. दोन्ही पाय एकदम धरायचे, एक धरला तर दुसऱ्यानं ते पाणी उडवतं आणि सगळा थवा उठतो.

"आणि कलहंस?" सूमारनं विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यात कलहंसाकडं बघायचंही नाही. बदक हाताला ओढतं, हंस माणसाला ओढतो. शिवाय तू पोहणारा मोठा!"

सूमारनं पहिलं बदक धरलं त्या दिवशी त्याला आनंद आवरेना. एक थापट्या त्याच्या हाताशी आला, त्यानं पाय धरले, खाली ओढलं, आवाज नाही, लाट नाही. पण त्या भरात तो तसाच दाबून उभा राहिला. गवताच्या आड येऊन त्यानं पाखरू वर काढलं तेव्हा मान लोंबत होती. तरीही त्यानं हसत हसत ते मिठोपुढं धरलं.

मिठोनं हातात घेतलं, चोच उघडून बघितली. "मेलंय."

"मेलं तर मेलं, चाचा. मारायचंच होतं ना?"

"बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची ती जिवंत पाखरावर. बुडून मेलेलं हराम. ते ना तुझ्या पोटाचं, ना माझ्या, ना बाजारात कुणाच्या. तू त्याचा जीव फुकट घेतलास." म्हाताऱ्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "पाखराला खाली ओढताना तू पण श्वास धरायचा. तुझी छाती भरून आली की समजायचं, त्याचीही आली. तेव्हा त्याची चोच पाण्याबाहेर पाहिजे. मान धरायची, तोंड बंद ठेवायचं, पण श्वास घेऊ द्यायचा. ध्यानात आलं?"

सूमारनं मान हलवली. मेलेलं बदक त्यांनी काठावरच्या कुत्र्यांना टाकलं. रात्री सूमार जेवला नाही, सबाईनंही आग्रह केला नाही.

पुढं त्याचा हात बसला. श्वासाचा हिशेब जमला. पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. सूमार थव्याजवळ पोचला, पाखरं त्याच्या आजूबाजूला निर्धास्त चरायला लागली, की नेमका तेव्हाच मागं गवतात थांबलेल्या होडीतून मिठो खोकायचा. नाहीतर वल्हं होडीवर आपटायचं. क्षणात माना ताठ, आणि सगळं आभाळ पंखांनी भरून जायचं. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच व्हायला लागलं. सूमार एखादं दुसरं पाखरू घेऊन परतायचा. बचलला आयतं सापडलं. "चाचांना खोकल्याचं औषध द्या, दाजी. नाहीतर राहू द्या, तुमच्याकडची पाखरं उडून माझ्याकडं येतात ते बरंच आहे म्हणा!"

एक दिवस तलवार बदकांचा मोठा थवा इतका जवळ आला की सूमारला त्यांच्या पाठीवरची एकेक रेघ दिसत होती. तो हात पुढं करणार एवढ्यात मिठो ओरडला, "सूमार! ए सूमार!" थवा उठला. सूमार पाण्यातून तडक होडीकडं आला, टोपी काढून होडीत फेकली.

"चाचा, तुम्हाला मला शिकवायचंय की पाखरांना वाचवायचंय?"

मिठोनं त्याच्याकडं बघितलंच नाही. वल्हं उचललं आणि नाव येईपर्यंत वल्हवत राहिला.

सबाई चुलीपाशी होती. सूमारनं तिला सगळं सांगितलं. ती लाकडं आत सारत म्हणाली, "लधो कसा गेला, ठाऊक आहे तुम्हाला?"

"थंडीनं, असं म्हणाले होते."

"बाबांनाच विचारा. आम्हाला त्यांनी एकदाच सांगितलं."

त्याला विचारावं लागलं नाही. सकाळी दोघं होडीत बसले, धुकं होतं, आणि मिठो वल्हं आडवं ठेवून आपणहून बोलायला लागला.

"त्या दिवशी मी असाच गवतात होतो आणि लधो पाण्यात. त्याला मी लहानपणापासून एकच सांगत आलो, हलू नको. माणूस आहेस हे विसर. पण तो चंचल, कधी मान वळव, कधी शिंक. त्या दिवशी मात्र त्याची टोपी अशी पाण्यावर बसली होती, अशी, की खरं बदक तिच्यापुढं खोटं वाटावं. पाखरं तिच्या अंगाला घासून जात होती. मी म्हटलं, वा रे माझ्या पोरा! शिकलास एकदाचा. किती वेळ मी तसाच बघत बसलो, खुशीत. सूर्य वर आला. एवढी पाखरं भोवती असून हा एकही कसं धरत नाही, हे मग माझ्या डोक्यात आलं." म्हाताऱ्यानं वल्हं उगीच पाण्यात बुडवून वर घेतलं. "त्याचे पाय कमळाच्या देठांत अडकले होते. टोपीतला भोपळा तरंगत होता. मी शिकवलेलं त्यानं इतकं नीट केलं, की तो मेला तरी मला कळलं नाही."

धुक्यात कुठंतरी चांदवे ओरडत होते. काल आपण काय बोललो ते आठवून सूमारनं खाली मान घातली.

"तू तर त्याच्यापेक्षा चांगला उभा राहतोस," मिठो म्हणाला. "म्हणून मला राहवत नाही. मी ठरवून खोकत नाही, सूमार."

त्या दिवशी ते शिकारीला गेले नाहीत. सूमार दिवसभर नावेच्या टोकाला बसून काही तरी वळत होता. सबाईनं बघितलं, मासे धरायच्या जाळ्याचा जुना दोर त्यानं उलगडून बारीक आणि लांब वळला होता. संध्याकाळी तो मिठोकडं गेला.

"चाचा, डोंगरात आम्ही नवीन शेळीला लांब दोर बांधतो. दिसत नसली तरी दोर हातात असतो. हलवलं की कळतं, आहे. हा मी कमरेला बांधतो. दोर पाण्याखाली राहील, पाखरांना दिसायचा नाही. दुसरं टोक तुमच्या हातात. मी मधूनमधून ओढत जाईन. माझी ओढ आली नाही तर तुम्ही ओढा. तरी आली नाही तर मग खोका, ओरडा, काय वाटेल ते करा."

मिठोनं दोर बोटांत फिरवून बघितला. "आणि देठांत अडकला तर?"

"गाठीचं हे मोकळं टोक मी ओढलं की एका हिसक्यात सुटेल." सूमारनं करून दाखवली. मिठोनं ती गाठ स्वतः बांधून सोडून बघितली, पुन्हा पुन्हा, जेवण थंड होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तांड्यात हशा पिकला. बचल म्हणाला, "काय चाचा, शेळी चरायला काढली?"

"हो," मिठो म्हणाला, "तू पण ये, दावं आहे दुसरं."

त्या दिवशी मिठो खोकला नाही. गवतात बसून त्यानं दोर तर्जनीला गुंडाळला होता आणि डोळे मिटून घेतले होते. ओढ आली की तो हलकेच ओढून उत्तर द्यायचा. सूमार पाण्यात होता, त्याच्या कानाशी बदकांचा गलका चालला होता, आणि कमरेला ती बारीकशी ओढ येत होती. त्यानं एकामागून एक लालसरी धरल्या. प्रत्येक वेळी श्वास धरला, प्रत्येक वेळी चोच वेळेवर वर आणली. होडीत पंखाला पंख अडकवून ठेवलेली पाखरं जिवंत, डोळे उघडे ठेवून बसली होती. परतल्यावर सबाईनं हात पुढं केला, तेव्हा पाखरं तिच्याकडं देता देता मिठो म्हणाला, "याला पोट भरून जेवू घाल."

दुसऱ्या हिवाळ्यात सबाईच्या कडेवर मुलगी होती आणि मिठोनं कलहंसांची परवानगी दिली. हंस पहाटे काठावरच्या शेतांत चरतात आणि ऊन चढलं की पाण्यावर येऊन माना पाठीत घालून झोपतात. जोडीतला एक जागा असतो. सूमार उन्हात इतक्या सावकाश सरकला की मिठोच्या बोटावर दोर सरकतोय हेही जाणवत नव्हतं. झोपलेल्या हंसाचे पाय त्यानं धरले आणि मग काय झालं ते त्याला नीट सांगता आलं नाही. पाणी फुटलं. पंखाचा फटका मनगटावर बसला तो सोट्यासारखा. हंस त्याला खोल पाण्याकडं ओढत निघाला, पायाखालचा चिखल संपला, आणि सूमार डोक्यासकट खाली गेला. हात सोडावा एवढंसुद्धा त्याला सुचलं नाही.

मिठोनं दोर ओढला तेव्हा सत्तरीकडं झुकलेल्या त्या म्हाताऱ्यात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. दोर तळव्यात रुतून रक्त आलं. सूमार होडीला लागला तो खोकत, पाणी ओकत, आणि एका हातात हंसाचे पाय अजून तसेच घट्ट धरून. हंस जिवंत होता आणि फुत्कारत होता.

"सोड त्याला, गाढवा!"

"सोडता येईना," सूमार म्हणाला. खरंच, त्याची बोटं थंडीनं मिटून गेली होती. मिठोनं एकेक बोट उघडलं. मनगट मोडलं होतं. तो हंस त्यांनी खाल्ला, वाडग्यातून बचलच्या नावेवरही पाठवला, पण सूमारनं पुन्हा कधी कलहंसाला हात लावला नाही. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "माझं त्याच्याशी भांडण मिटलंय. पुन्हा कशाला उकरायचं?"

मिठोनं आणखी काही हिवाळे दोर धरला. मग त्याचे गुडघे गेले, नंतर डोळे. शेवटी शेवटी त्याला थवा दिसत नसे, पण दोर हातात असला की तो होडीत बसायचा. तो गेला तो भर उन्हाळ्यात, दुपारी, नावेच्या सावलीत, पाखरं उत्तरेला गेलेली असताना. झोपेतच गेला. काठावर नेताना बचलनं जनाज्याचा पुढचा खांदा सूमारला दिला आणि आपण मागं झाला.

थंडी आली. सूमार एकटाच होडी घेऊन गेला. दोराचं दुसरं टोक त्यानं होडीच्या खुंटीला बांधलं. पाण्यात उतरला, टोपी बांधली, थव्यात शिरला. पाखरं भोवती आली. सवयीनं त्यानं दोर ओढला आणि थांबला. उत्तर आलं नाही. येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी तो थांबून राहिला. मग तो वळला आणि रिकाम्या हातानं घरी आला. पुढच्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या सकाळी सबाईनं मुलीला बचलच्या बायकोकडं ठेवलं, अंगावर गोधडी ओढली आणि होडीत येऊन बसली.

"तू कुठं?"

"दोर धरायला."

"बायका येत नाहीत शिकारीला. लोक काय म्हणतील?"

"लोक तुम्हाला शेळी म्हणतातच. मला राखणदार म्हणतील." तिनं दोराचं टोक तर्जनीला गुंडाळलं, अगदी बाप गुंडाळायचा तसं. "किती वेळानं ओढायचं?"

"मी ओढलं की."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

"नाही विसरणार."

"तरी मी ओढत जाईन," ती म्हणाली. "मला बाबांएवढा धीर नाही."

त्या सकाळी ती सारखीच ओढत राहिली. सूमारच्या कमरेला हिसके बसत होते, टोपी डुलत होती, आणि पाखरं संशयानं दूर सरत होती. शेवटी एक आंधळट म्हातारा चांदवा तेवढा हाताशी आला. तो घेऊन सूमार होडीशी आला आणि काठाला धरून कुडकुडत उभा राहिला.

"जरा कमी ओढ गं," तो म्हणाला.

"बघू," सबाई म्हणाली, आणि चांदव्याचे पंख एकात एक अडकवून तिनं त्याला गोधडीच्या उबेत ठेवलं.